डोळ्यांचं पारणं इंग्रजीत कसं फिटतं?

सप्टेंबरात माझी भाची कासच्या पठारावर गेली होती. संध्याकाळी साताऱ्याला उतरल्या उतरल्या तिचा मेसेज आला, ‘मावशी, डोळ्यांचं पारणं फिटलं याला इंग्रजीत काय म्हणतात गं?’ तिची चुलतवहिनी इंग्लंडची, यॉर्कशरची. तिला फोटो पाठवायचे होते आणि खाली एक तरी धड ओळ लिहायची होती. तिने स्वतः तीन ओळी करून पाहिल्या होत्या. पहिलीत पठार ‘व्हेरी गॉर्जस’ होतं, दुसरीत मागचे डोंगर ‘हॅन्डसम’ होते आणि तिसरीत फुलं चक्क ‘आय-फिलिंग’ होती.

तिसरी ओळ मला फार आवडली. इंग्रजी माणूस सहसा असं म्हणत नाही. पण त्या शब्दामागे ‘नजरेत भरणारी फुलं’ अगदी स्वच्छ दिसत होती. इंग्रजांच्या डोळ्यांत सुंदर वस्तू भरत नाही, ती डोळा पकडते, ‘आय-कॅचिंग’. आपल्याकडे डोळा हे भांडं आहे. ते भरतं, काठोकाठ होतं, त्यात आपण देखावा साठवूनही ठेवतो. तिकडे डोळा हा वाटेने निघालेला माणूस आहे आणि वस्तू त्याचा हात धरून त्याला थांबवते. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात, पण पाहणं म्हणजे काय याची दोघींची कल्पना निराळी आहे. त्या रात्री मी कोश काढून बसले आणि पहाटेपर्यंत उठले नाही.

पारण्याचंच घ्या. याला इंग्रजीतला सगळ्यांत जवळचा प्रयोग म्हणजे ‘अ फीस्ट फॉर दि आइज’, डोळ्यांना मेजवानी. दोन्हीकडे अन्नच आहे हे पाहून मी थक्क झाले. पण पारणं म्हणजे मेजवानी नव्हे. एकादशीचा उपवास द्वादशीला सोडायचा, तो सोडतानाचा घास म्हणजे पारणं. म्हणजे मराठी डोळे आधीपासून उपाशी आहेत, कशाची तरी वाट पाहताहेत आणि आज ते व्रत पुरं झालं. पंढरीच्या वाटेवर पंधरावीस दिवस चालून कळस दिसतो तेव्हा हा शब्द किती नेमका बसतो! इंग्रजी फीस्टमध्ये आधीचा उपवास नाही. तिथे पान वाढलेलं आहे आणि त्यावर पदार्थ भरपूर आहेत. म्हणून हा शब्द बाजारपेठा, बागा, रंगीबेरंगी पोशाख, मिरवणुका अशा भरगच्च गोष्टींना शोभतो. एकाच उघड्याबोडक्या सुळक्याला कोणी फीस्ट म्हणत नाही. कासला तो चालतो, कारण तिथे तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा जांभळा असे सगळे रंग एकाच पानात वाढलेले असतात.

तेव्हा पहिलं उत्तर तिला लगेच पाठवलं. मग वाटलं, तिच्या बाकीच्या ओळी चुकल्या हे आपण कशावरून ठरवलं? ‘हॅन्डसम’चा अर्थ देखणा. डोंगर देखणा असू शकतो. मग चुकलं कुठे?

शब्दांनाही सोयरीक असते. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी एक साधा आणि खोल विचार मांडला. शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात नसतो, तो कोणाच्या सोबत उठतो-बसतो त्यातही असतो. त्यांचे शिष्य हॅलिडे यांनी याचं जे उदाहरण दिलं ते तर स्वयंपाकघरातलंच आहे. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटारीचं इंजिन मात्र पॉवरफुल असतं. अर्थ दोन्हींचा जोरकसच. आपला चहा कडक असतो, घट्ट किंवा टणक नसतो. का, याला कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते दोन शब्द एकत्र नांदले म्हणून.

१९८० च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सोयरीक संगणकावर मांडून पाहिली. पुस्तकं, वर्तमानपत्रं, लोकांची बोलणी असा लाखो शब्दांचा मजकूर यंत्रात भरायचा. मग एक शब्द निवडायचा आणि तो जिथे जिथे आला असेल ती प्रत्येक ओळ एकाखाली एक अशी लावायची की तो शब्द नेमका मधोमध येईल. डावीकडे त्याचे आधीचे शेजारी, उजवीकडे नंतरचे. असं पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वारीतली दिंडी आठवली. मधला वारकरी तोच, पण त्याच्या दोन्ही बाजूंनी कोण कोण चालतं ते एका दृष्टिक्षेपात दिसतं. या कामातून १९८७ साली कोश निघाला. आज अशी साधनं घरबसल्या कोणालाही उघडता येतात. त्यात ‘पिक्चरेस्क’ पाहिलंत तर शेजारी गाव, बंदर, जुनी घरं उभी असतात. ‘ब्रेथटेकिंग’शेजारी बहुतेक वेळा ‘व्ह्यू’ किंवा ‘सीनरी’ असते. ‘रगेड’ हा शब्द किनाऱ्याला आणि डोंगराला लागतो, आणि ‘रगेडली हॅन्डसम’ असा पुरुषालाही. डोंगराकडून रांगडेपण पुरुषाकडे गेलं, पण देखणेपण डोंगराकडे उलटं आलं नाही. भाचीच्या दुसऱ्या ओळीतली अडचण ही एवढीच होती.

आता ‘व्हेरी गॉर्जस’ का खटकतं ते सांगते, कारण याची किल्ली मला मराठीतच सापडली. आपण ‘खूप हिरवं’ म्हणतो. ‘खूप हिरवंगार’ म्हणून पाहा. जीभ अडखळते. हिरवंगार, पांढरंशुभ्र, पिवळंधमक, निळंशार, लालचुटूक हे रंग आधीच शिगोशीग भरलेले आहेत, त्यांत आणखी ‘खूप’ ओतायला जागा नाही. इंग्रजीत ‘ब्यूटिफुल’ हे ‘हिरवं’ आहे, त्याला ‘व्हेरी’ लागतं. ‘गॉर्जस’, ‘स्टनिंग’, ‘ब्रेथटेकिंग’ ही ‘हिरवीगार’ मंडळी. त्यांच्याआधी ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘सिम्प्ली’ येतं. हे शब्द सौंदर्य वाढवत नाहीत, ते आधीच पुरतं आहे एवढंच सांगतात. मराठी माणसाला हे व्याकरण पाठ करावं लागू नये. आपल्या कानाला ते जन्मापासून ठाऊक आहे.

आणि रंगांवर आलेच आहे तर काळ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केस काळेभोर असतात आणि अंधार काळाकुट्ट. कोणत्याही आईने लेकीच्या केसांना काळेकुट्ट म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. रंग तोच, पण ‘भोर’मध्ये माया आहे आणि ‘कुट्ट’मध्ये धास्ती. इंग्रजीत तंतोतंत हाच भेद आहे. केस ‘जेट ब्लॅक’, रात्र ‘पिच ब्लॅक’. पिच म्हणजे डांबर, लाकडी गलबतांच्या फटी बुजवायला वापरत ते चिकट काळं द्रव्य. जेट हा मात्र दागिन्यांचा खडा. खडा म्हणायचं, पण मुळात ते लाकूड आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी पाण्यात वाहून गेलेली झाडं समुद्रतळाच्या चिखलात दबली आणि त्यांचं हे हलकं, काळं, घासल्यावर आरशासारखं चमकणारं द्रव्य झालं. ते सगळ्यांत उत्तम मिळतं यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीला. भाचीच्या वहिनीच्याच मुलखात! १८६१ साली राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट वारले. दुखवट्यात चालतील असे दागिने म्हणून जेटची मागणी वाढली आणि व्हिटबीतलं त्यावरचं कोरीवकाम भरभराटीला आलं. इंग्रज माणूस कोणाच्या केसांना ‘जेट ब्लॅक’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात यातलं काही नसतं. पण त्या शब्दात एक बुडालेलं अरण्य आहे आणि घासून आणलेली चकाकी आहे. म्हणूनच तो रात्रीला लागत नाही, केसांना लागतो.

देखाव्यांसाठीचे इंग्रजी शब्द तर आणखी नवल वाटावं असे आहेत, कारण त्यांतले बरेचसे निसर्गातून आलेलेच नाहीत. ‘लँडस्केप’ हा डच चित्रकारांचा शब्द, सोळाशेच्या सुमारास इंग्रजीत आला तो चित्राचा एक प्रकार म्हणून. प्रत्यक्ष भूभागाला तो नंतर लागला. ‘सीनरी’ आणि ‘सीनिक’ रंगभूमीवरून आले. आणि ‘पॅनोरमा’? माथेरानला पॅनोरमा पॉइंटवर पहाटे कुडकुडत सूर्योदयाची वाट पाहिलेल्यांना हे मुद्दाम सांगते. हा शब्द कोणत्याही डोंगरावर जन्मला नाही. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने एडिंबरा शहराचं चहूबाजूंनी दिसणारं चित्र गोल भिंतीवर काढायची युक्ती शोधली आणि १७८७ साली तिचं पेटंट घेतलं. प्रेक्षकाने मधोमध उभं राहायचं आणि स्वतःभोवती फिरून सगळं पाहायचं. अशा चित्रासाठी ग्रीक शब्द जोडून ‘पॅनोरमा’ घडवला गेला आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. इंग्रजांनी माथेरान हेरलं ते १८५० साली. तोवर चित्राचं नाव निसर्गाला लागून गेलं होतं.

आपला ‘देखावा’ही असाच नाही का? घाटातून दिसतो तो देखावा आणि गणपतीपुढे उभारतात तोही देखावाच.

‘पिक्चरेस्क’ची गोष्ट याहून रंगतदार आहे. त्याचा शब्दशः अर्थ चित्रासारखं, म्हणून आपण तो कुठल्याही सुंदर जागेला लावून मोकळे होतो. पण विल्यम गिल्पिन या पाद्र्याने अठराव्या शतकात त्याचं सगळं शास्त्रच रचलं होतं. त्याच्या मते चित्रात शोभतं ते गुळगुळीत, सरळ, घोटीव नव्हे. शोभतं ते खडबडीत, मोडकं, वेलींनी झाकलेलं. १७८२ साली वाय नदीवरच्या सफरीचं त्याचं पुस्तक निघालं. त्यात टिंटर्न मठाच्या पडक्या भिंती पाहून तो हळहळतो. भिंतींची त्रिकोणी टोकं अजून फार सरळ राहिली आहेत, जाणत्या हाताने जरा हातोडा चालवला तर बरं, असं तो मनापासून सुचवतो. त्या हातोड्याचा ठसा शब्दावर आजही आहे. पिक्चरेस्क म्हटलं की थोडं जुनं, थोडं वाकडंतिकडं, शेवाळलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. रेवदंड्याच्या किल्ल्यातल्या पडझडीला तो शोभेल, वरळीच्या काचेच्या मनोऱ्याला नाही.

त्या काळचे हौशी प्रवासी खिशात एक काळसर, जरासा फुगीर आरसा बाळगत, त्याला ‘क्लॉड ग्लास’ म्हणत. डोंगराकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात तो डोंगर चित्रासारखा आखडलेला, सौम्य रंगांचा पाहायचा. कवी टॉमस ग्रे १७६९ साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये असा आरसा उघडून चालले असता चिखलाच्या वाटेवर पाठीवर आपटले. बोटांची सालटं निघाली, पण ते तिथेच थांबले आणि सूर्यास्त पुरता पाहून मगच हलले, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कासच्या कुंपणाशी फुलांकडे पाठ करून हातातल्या काचेत पाहणारी माझी भाची आणि ग्रे यांच्यात अडीचशे वर्षं आहेत आणि तरीही काहीच अंतर नाही.

या सगळ्यात मला सगळ्यांत जवळची वाटते ती १८०३ सालची एक भेट. कवी वर्ड्‌स्वर्थ, त्यांची बहीण डोरोथी आणि कोलरिज स्कॉटलंडच्या सफरीवर निघाले होते. क्लाइड नदीवर कोरा लिन नावाचा धबधबा आहे, साधारण २६ मीटर उंचीचा. तिथे आणखी एक प्रवासी जोडपं उभं होतं. त्यातल्या गृहस्थांनी धबधबा ‘मॅजेस्टिक’ आहे असं म्हटलं. कोलरिज हरखून गेले, कारण ‘ग्रँड’, ‘मॅजेस्टिक’ आणि ‘सब्लाइम’ या तीन शब्दांतला नेमका फरक काय, याचाच काथ्याकूट त्यांच्या डोक्यात चालला होता. आणि इथे एका अनोळखी माणसाने बरोबर तोच शब्द उचलला होता! ते त्या गृहस्थांशी उत्साहाने बोलू लागले, तेवढ्यात सोबतच्या बाईंनी आनंदाने भर घातली की धबधबा सब्लाइमही आहे आणि ब्यूटिफुलही. कोलरिजना काय बोलावं ते सुचेना. ते हसत हसत आपल्या सोबत्यांकडे परतले. डोरोथीने हे सगळं आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवलं.

त्यांना हसू का आलं असेल? १७५७ साली एडमंड बर्क यांनी या दोन शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या मते ‘ब्यूटिफुल’ म्हणजे लहान, मऊ, नाजूक, जवळ घ्यावंसं वाटणारं. ‘सब्लाइम’ म्हणजे अफाट, अंधारं, छातीत धडकी भरवणारं. दोन्ही एकत्र नांदणं अवघड. आपल्याकडेही आंबोलीच्या धबधब्याला कोणी एका श्वासात रौद्र आणि गोंडस म्हणालं तर कान टवकारतीलच. त्या बाईंची थट्टा करावी असं मात्र मला वाटत नाही. समोर पाणी कोसळत असताना जे शब्द सुचले ते त्यांनी भरभरून दिले. पण कोलरिजचा आनंद मला समजतो. धबधबा हजारोंनी पाहिला असेल. त्याच्यासाठी तोच एक शब्द आपल्यासारखा आणखी कोणालातरी सुचावा, हे सुख विरळा आहे. १९२७ पासून क्लाइडचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीकडे वळवलेलं असतं आणि कोरा लिन वर्षातले थोडेच दिवस पूर्ण अंगाने कोसळतो. इतर दिवशी तिथे उभं राहून कोलरिज कोणता शब्द वापरते, असा विचार मनात येतोच.

मोठ्या शब्दांतही शरीराचा कोणता भाग हलला ते पाहून निवड करावी. ‘ब्रेथटेकिंग’मध्ये श्वास अडकतो, कडा, दरी, अचानक उलगडलेलं खोरं याला तो योग्य. ‘जॉ-ड्रॉपिंग’मध्ये तोंडाचा आ वासतो. ‘डॅझलिंग’ म्हणजे डोळे दिपवणारं, त्यात झगमगाट हवाच. ‘स्टनिंग’चं मूळ लॅटिनमधल्या गडगडाटापर्यंत जातं, वीज कडाडल्यावर माणूस सुन्न होतो तसं सुन्न करणारं. यांच्यापुढे ‘प्रिटी’ किती लहान! जुन्या इंग्रजीत ती लबाड, धूर्त अशा अर्थाची होती. मग चतुर झाली, मग नीटनेटकी आणि शेवटी गोड दिसणारी. ‘हॅन्डसम’ मुळात हाताळायला सोपा या अर्थाचा, आणि ‘ग्लॅमर’ हा तर ‘ग्रामर’चाच स्कॉटलंडमधला अवतार. पोथी वाचणाऱ्याला मंत्रही येत असणार, म्हणून व्याकरणाची झाली जादू आणि जादूची झाली मोहिनी. सर वॉल्टर स्कॉटने हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवला आणि आता तो आपल्या सिनेमाच्या पानांवर रोज असतो.

चेहऱ्याची वर्णनंही अशीच. इंग्रजीत ठसठशीत नाकाडोळ्यांना ‘चिझल्ड’ म्हणतात, छिन्नीने घडवलेले. आपण रेखीव म्हणतो. त्यांच्या हातात छिन्नी, आपल्या हातात कुंचला.

एका ठिकाणी मात्र पाय हमखास घसरतो. ‘अ साइट फॉर सोअर आइज’ हे ऐकायला पारण्याच्या अगदी जवळचं वाटतं, दुखऱ्या डोळ्यांना गारवा देणारं. पण ते देखाव्याचं वर्णन नाही. खूप दिवसांनी लेक दारात उभी राहिली, भर पावसात शेवटची एस.टी. येताना दिसली, तेव्हाचा तो उद्गार आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या संभाषणांच्या पुस्तकातही तो असाच, माणसाच्या भेटीवर आलेला आहे.

उलट दिशेने पाहिलं तर मराठीतलं एक इंग्रजीत काही केल्या जात नाही. ‘दृष्ट लागेल असं रूप’. सुंदर गोष्ट आपल्या पाहण्यानेच बाधेल ही भीती आणि म्हणून मीठमोहऱ्या ओवाळणारे हात, हे सगळं त्या तीन-चार शब्दांत आहे. इंग्रजीत रूप पाहणाऱ्याचा जीव घेतं, ‘ड्रॉप-डेड गॉर्जस’. आपल्याकडे काळजी करतात ती रूपवतीच्याच जिवाची.

सकाळी भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग फुलांना काय म्हणू ते सांग ना.’ इंग्लंडात वसंतात ब्लूबेलची निळी फुलं रानभर पसरतात, तेव्हा लोक ‘अ कार्पेट ऑफ ब्लूबेल्स’ म्हणतात, तेव्हा तुलाही कार्पेट चालेल, असं मी म्हटलं. मग तिने सीतेच्या आसवांचं इंग्रजी नाव शोधलं. ते निघालं ‘ब्लॅडरवर्ट’, पिशवीवाली वनस्पती. या झाडाला खाली ओल्या मातीत इवल्या इवल्या पिशव्या असतात आणि त्यांत ते बारीक जीव ओढून घेऊन पचवतं. इंग्रजी नाव ठेवणाऱ्याने मातीखाली पाहिलं, मराठी नाव ठेवणाऱ्याने वर थरथरणारा जांभळा थेंब पाहिला.

दुपारी तिने ओळ पाठवली, ‘अ कार्पेट ऑफ सीताज टिअर्स’. खाली विचारलं होतं, ‘आसवांचं कार्पेट असतं का गं मावशी? असं कोणी म्हणतं?’

मी पुन्हा ती शेजाऱ्यांची रांग उघडली. ‘कार्पेट ऑफ’च्या पुढे फुलं होती, पानं होती, शेवाळ होतं, बर्फ होतं. आसवं मला कुठे दिसली नाहीत. ‘कोणी म्हणत नाही,’ मी तिला कळवलं, ‘पण राहू दे.’